बांगलादेशातल्या निवडणुका आणि नव्वद दिवसांची खुर्ची

बांगलादेशात १९७३ ते २०२४ या काळात संसदेच्या १२ निवडणुका झाल्या. त्यातल्या ८ सत्तेवर असलेल्यांनीच घेतल्या आणि आठही वेळा तेच जिंकले. उरलेल्या ४, म्हणजे १९९१, जून १९९६, २००१ आणि २००८ च्या निवडणुका, पक्षाबाहेरच्या माणसांच्या हंगामी सरकारांनी घेतल्या. त्या चारही वेळा आधी राज्य केलेला पक्ष पडला.

एवढा हिशेब डोळ्यांसमोर ठेवला की बांगलादेशातल्या निवडणुकीआधीच्या रणधुमाळीतलं बरंचसं आपोआप उलगडतं. निवडणूक जवळ आली की विरोधक हरताळ का पुकारतात, सरकार चर्चेला बोलावतं पण मूळ मुद्द्यावर एक पाऊलही मागे का घेत नाही, परदेशी राजदूतांच्या फेऱ्या का वाढतात आणि शेवटी बहिष्कार का होतो, हे सगळं एका प्रश्नाभोवती फिरतं. मतदानाच्या आधीचे साधारण ९० दिवस देश कोण चालवणार? लोकांना कोणता पक्ष आवडतो हा वाद फार पुढचा. त्याआधीचा वाद असतो तो जिल्ह्यातला कलेक्टर आणि ठाण्यातला फौजदार त्या ९० दिवसांत कुणाचा शब्द मानणार याचा.

हा वाद इतका टोकाचा का होतो, ते आधी पाहू.

बांगलादेशात थेट निवडून द्यायच्या ३०० जागा आहेत. जिल्ह्याचा डेप्युटी कमिशनर, ज्याला तिकडे सगळे डीसी म्हणतात, तोच बहुतेक ठिकाणी निवडणूक निर्णय अधिकारी असतो. त्याच्या हाताखाली उपजिल्ह्याचा अधिकारी. मतदान केंद्रावर शाळेतले शिक्षक, सरकारी आणि बँकेतले कर्मचारी. निवडणूक आयोगाकडे कागदावर अधिकार भरपूर आहेत, पण राबणारे हात सरकारचेच. आज ज्याने डीसीची बदली केली तोच पंतप्रधान उद्या पुन्हा निवडून येणार असेल, तर तो डीसी आयोगाचं पत्र वाचेल की वरून आलेला फोन ऐकेल, हे सांगायला नको.

पोलिसांचं काम तर आणखी आधी सुरू होतं. २०१८ च्या निवडणुकीआधी बांगलादेशी वर्तमानपत्रांत ‘गायेबी मामला’ हा शब्द रोज छापून येत होता. हा खटला कसा असतो ते बघा. कुठल्याशा चौकात दगडफेक झाली, स्फोट झाले, अशी फिर्याद पोलीस स्वतःच नोंदवतात. आरोपी म्हणून विरोधी पक्षाच्या काही स्थानिक कार्यकर्त्यांची नावं, आणि पुढे ‘अज्ञात’ असे शेकडो. आसपास राहणाऱ्यांना विचारलं तर अशी घटना झाल्याचंच कुणाला माहीत नसतं. मेलेल्या माणसांची आणि घटनेच्या दिवशी परदेशात असलेल्यांची नावंही अशा फिर्यादींत सापडल्याच्या बातम्या आल्या. पण खरी ताकद त्या ‘अज्ञात’ शब्दात. मतदानाच्या आठवड्यात ज्या कार्यकर्त्याला घराबाहेर पडू द्यायचं नाही, त्याला त्या अज्ञातांपैकी एक ठरवून उचलता येतं. मतदान केंद्रात पक्षाचा प्रतिनिधी म्हणून बसायला माणूसच उरला नाही, तर आत काय झालं हे सांगणार कोण?

यात भर पडते ती हरण्याच्या किमतीची. ज्याला एक मत जास्त, त्याची जागा, अशी तिथली पद्धत आपल्यासारखीच आहे. २००१ मध्ये बांगलादेश नॅशनलिस्ट पार्टी, म्हणजे बीएनपी, आणि अवामी लीग या दोघांनाही ४० ते ४१ टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली. दोघांमध्ये एक टक्क्याचाही फरक नव्हता. जागा मात्र बीएनपीला १९३ आणि अवामी लीगला ६२. पुढच्या खेपेला, २००८ मध्ये, उलटं झालं. अवामी लीगला ४८ टक्के मतं आणि २३० जागा. बीएनपीला जवळपास एक तृतीयांश लोकांनी मत दिलं, जागा पदरात पडल्या ३०. एवढ्या जागांवर संसदेत विरोधी पक्ष म्हणून करायचं तरी काय? राज्यघटनेचं कलम ७० असं की पक्षाच्या विरोधात मतदान करणाऱ्या खासदाराची खासदारकीच जाते. त्यामुळे सत्ताधारी पक्षात फूट पडून सरकार कोसळेल ही आशा नाही. देश एककेंद्री आहे, आपल्यासारखी राज्यं नाहीत. दिल्लीत हरलेला पक्ष आपल्याकडे एखाद्या राज्यात सरकार चालवत तग धरतो, कार्यकर्ते टिकवतो. ढाक्यात हरलेल्याला असा आसरा नाही. पाच वर्षं कंत्राटं गेली, नेमणुका गेल्या, खटले मागे लागले. म्हणून विरोधक संसदेतून उठतात आणि रस्त्यावर येतात.

आता मागे जाऊ. १९७५ मध्ये शेख मुजीबुर रहमान यांची कुटुंबासह हत्या झाली, १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष झियाउर रहमान चितगावात मारले गेले, आणि १९८२ मध्ये लष्करप्रमुख हुसेन मुहम्मद इर्शाद यांनी सत्ता घेतली. मुजीब यांची मुलगी शेख हसीना अवामी लीगच्या प्रमुख झाल्या, झियाउर यांच्या पत्नी खालिदा झिया बीएनपीच्या. पुढची तीसेक वर्षं देशाचं राजकारण या दोघींभोवती फिरलं. १९९० च्या अखेरीस मात्र दोघी एकाच बाजूला होत्या. इर्शाद यांनी घेतलेल्या निवडणुकांवर विश्वास ठेवायला कुणी तयार नव्हतं, आणि विरोधकांच्या तिन्ही आघाड्यांनी मिळून एक मागणी ठरवली की राजीनामा द्या आणि सत्ता तटस्थ माणसाकडे सोपवा. ६ डिसेंबर १९९० ला इर्शाद पायउतार झाले. सरन्यायाधीश शहाबुद्दीन अहमद हंगामी राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी २७ फेब्रुवारी १९९१ ला निवडणूक घेतली. बीएनपी जिंकली, खालिदा पंतप्रधान झाल्या. हसीनांनी ‘सूक्ष्म कारचुपी’, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी लबाडी झाल्याचा आरोप केला, पण निकाल टिकला.

त्या वेळी ही सोय एकदाच करायची असं सगळ्यांनी धरलं होतं. ती कायमची करावी ही मागणी उभी राहिली एका पोटनिवडणुकीतून. मार्च १९९४ मध्ये मागुरा-२ या जागेवर मतदान झालं. जागा मूळची अवामी लीगची. ती बीएनपीने जिंकली आणि उघडउघड गैरप्रकार झाल्याचा आरोप झाला. एका जागेने सरकार पडणार नव्हतं की वाचणार नव्हतं. विरोधकांनी त्यातून काढलेला निष्कर्ष वेगळाच होता. एका जागेसाठी सरकार एवढं करत असेल तर ३०० जागांसाठी काय करेल? अवामी लीग, इर्शाद यांची जातीय पार्टी आणि जमात-ए-इस्लामी असे एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष काळजीवाहू सरकारच्या मागणीवर एकत्र आले. राष्ट्रकुलाने ऑस्ट्रेलियाचे माजी गव्हर्नर जनरल सर निनियन स्टीफन यांना मध्यस्थीला पाठवलं. दोन्ही बाजूंचे लोक घेऊन मंत्रिमंडळ करा, असा तोडगा त्यांनी सुचवला. तो फिसकटला. २८ डिसेंबर १९९४ ला विरोधकांच्या १४७ खासदारांनी एकदम राजीनामे दिले.

खालिदांचा मुद्दा तेव्हा असा होता की लोकांनी न निवडलेल्या माणसांच्या हाती देश देणं घटनेत बसत नाही. लहान मुलं आणि वेडे सोडले तर जगात तटस्थ कुणी नसतं, हे त्यांचं विधान आजही तिकडे सांगितलं जातं. त्यांनी १५ फेब्रुवारी १९९६ ला निवडणूक घेतलीच. सर्व मोठ्या विरोधी पक्षांचा बहिष्कार, मतदान २१ टक्क्यांच्या आसपास, आणि बीएनपीला ३०० पैकी २७८ जागा. बहिष्काराने काय साधतं, असं पुष्कळदा विचारलं जातं. इथे त्याचं उत्तर आहे. इतक्या जागा जिंकूनही सरकारला एक दिवस धड कारभार करता आला नाही. असहकार सुरू झाला, चितगावचं बंदर आणि रस्ते ठप्प झाले आणि मार्चमध्ये सचिवालयातले अधिकारीच आंदोलकांच्या व्यासपीठावर जाऊन बसले. मार्चअखेर त्याच संसदेने १३ वी घटनादुरुस्ती करून काळजीवाहू सरकार घटनेत आणलं, आणि लगेच ती विसर्जित झाली.

या दुरुस्तीत नेमकं काय होतं ते जरा सावकाश बघायला हवं, कारण पुढचं सगळं बिनसलं ते त्यातल्या एका कलमावरून. संसदेची मुदत संपली की पंतप्रधान पायउतार होणार. त्यांच्या जागी एक मुख्य सल्लागार आणि जास्तीत जास्त १० सल्लागार. कुणीही पक्षाचा सभासद असायचा नाही, स्वतः निवडणूक लढवायची नाही. रोजचा कारभार पाहायचा, धोरणात्मक निर्णय घ्यायचे नाहीत, ९० दिवसांत निवडणूक घेऊन घरी जायचं. मुख्य सल्लागार कोण, याचा क्रमही लिहून ठेवला होता. सगळ्यात अलीकडे निवृत्त झालेले सरन्यायाधीश. ते नसतील किंवा नको म्हणतील तर त्यांच्या आधीचे. तेही नसतील तर सर्वोच्च न्यायालयाच्या अपिलीय विभागातले सगळ्यात अलीकडे निवृत्त झालेले न्यायाधीश, मग त्यांच्या आधीचे. तिथेही जमलं नाही तर पक्षांशी बोलून एखादा सर्वमान्य नागरिक. आणि काहीच जमलं नाही तर राष्ट्राध्यक्ष स्वतः. संरक्षण खातं मात्र या काळात राष्ट्राध्यक्षांकडे राहणार होतं.

न्यायाधीशांवर विश्वास होता, म्हणून क्रम त्यांच्यापासून सुरू केला. पहिल्या दोन खेपांना हे जमलं. न्यायमूर्ती मुहम्मद हबीबुर रहमान यांच्या सरकारने १२ जून १९९६ ला निवडणूक घेतली, मधे राष्ट्राध्यक्षांनी लष्करप्रमुखांना बडतर्फ केल्यामुळे बंडाचं सावट आलं, तेही निभावलं. अवामी लीग १४६ जागा घेऊन सत्तेवर आली. २००१ मध्ये न्यायमूर्ती लतीफुर रहमान यांनी शपथ घेतली त्याच रात्री १३ सचिवांच्या बदल्या केल्या. अवामी लीगला ते झोंबलं. या वेळी हसीनांनी लबाडी ‘सूक्ष्म’ नाही, ‘स्थूल’ असल्याचं म्हटलं. हरलेल्याने निकाल नाकारायचा हा रिवाज काळजीवाहू सरकारनेही मोडला नाही, हे मान्य करायला हवं. पण सत्ता बदलत होती, आणि ती मतपेटीतून बदलत होती. माझ्या मते बांगलादेशच्या इतिहासात या व्यवस्थेएवढी मोलाची राजकीय तडजोड दुसरी झालेली नाही.

तिला पहिला तडा बीएनपीने दिला. क्रम लिहून ठेवलेला असल्यामुळे पुढचा मुख्य सल्लागार कोण होणार हे वर्षानुवर्षं आधी मोजता येत होतं. २००४ मध्ये १४ वी घटनादुरुस्ती झाली आणि न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय ६५ वरून ६७ झालं. दिसायला साधा बदल. पण त्यामुळे तेव्हाचे सरन्यायाधीश निवडणुकीच्या वेळी पदावरच राहणार होते, आणि ‘सगळ्यात अलीकडे निवृत्त झालेले’ म्हणून नाव निघणार होतं न्यायमूर्ती के. एम. हसन यांचं. त्यांचे पूर्वी बीएनपीशी संबंध होते, असा अवामी लीगचा आक्षेप. म्हणजे जी खुर्ची भांडणाबाहेर ठेवायची होती, तिच्यासाठीच भांडण जुंपलं. न्यायालयातल्या बढत्या आणि सेवाज्येष्ठता यांच्याकडे दोन्ही पक्ष पुढच्या निवडणुकीच्या नजरेने पाहायला लागले. न्यायव्यवस्थेचं यात झालेलं नुकसान मला निवडणुकीच्या नुकसानापेक्षाही मोठं वाटतं.

२८ ऑक्टोबर २००६ ला बीएनपी सरकारची मुदत संपली त्या दिवशी ढाक्याच्या रस्त्यांवर लाठ्याकाठ्या घेऊन मारामाऱ्या झाल्या, माणसं भर रस्त्यात मारली गेली आणि ते टीव्हीवर दिसलं. हसन यांनी पद नाकारलं. मग मधले पर्याय पुरते चाचपून न पाहता राष्ट्राध्यक्ष इयाजुद्दीन अहमद यांनी स्वतःच मुख्य सल्लागारपदाची शपथ घेतली, असा विरोधकांचा आरोप. इयाजुद्दीन यांना राष्ट्राध्यक्ष केलं होतं बीएनपीने. डिसेंबरमध्ये त्यांचे ४ सल्लागार राजीनामा देऊन बाहेर पडले. मतदारयादीत तेव्हा ९ कोटींहून अधिक नावं होती आणि ती फुगवलेली आहे असं सगळे म्हणत होते. २२ जानेवारी २००७ च्या निवडणुकीवर अवामी लीगने बहिष्कार टाकला आणि ११ जानेवारीला, लष्कराच्या दबावाखाली, आणीबाणी आली. मध्यवर्ती बँकेचे माजी गव्हर्नर फखरुद्दीन अहमद यांचं लष्कराच्या पाठिंब्याचं सरकार ९० दिवसांऐवजी जवळपास दोन वर्षं राहिलं. त्याने हसीना आणि खालिदा या दोघींनाही तुरुंगात टाकलं. त्याच सरकारच्या काळात छायाचित्रं असलेली नवी मतदारयादी झाली, तिच्यात ८ कोटी १० लाखांच्या आसपास नावं निघाली, आणि २९ डिसेंबर २००८ ला पारदर्शक मतपेट्यांत मतदान झालं. निवडणूक चांगली झाली, पण वाट वाकडी होती. दोन्ही पक्षांनी त्यातून एकच धडा घेतला की काळजीवाहू सरकार लांबलं तर आपणही आत जाऊ शकतो.

सत्तेवर आलेल्या हसीनांच्या हाती २०११ मध्ये न्यायालयाचा निकाल आला. सरन्यायाधीश ए. बी. एम. खैरुल हक यांच्या खंडपीठाने ४ विरुद्ध ३ अशा बहुमताने १३ वी दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली, कारण न निवडलेल्या लोकांचं राज्य लोकशाहीत बसत नाही. १९९५ मध्ये खालिदांचं म्हणणं हेच होतं. मात्र १० मे च्या त्या संक्षिप्त आदेशात पुढच्या दोन निवडणुका जुन्या पद्धतीने घेता येतील अशी मुभाही होती. ती मुभा बाजूला ठेवून ३० जूनला १५ वी घटनादुरुस्ती मंजूर झाली आणि काळजीवाहू सरकार गेलं. नव्या तरतुदीनुसार निवडणूक होणार होती संसदेची मुदत संपण्याच्या आधीच्या ९० दिवसांत, म्हणजे जुने खासदार खासदार असतानाच पुन्हा उमेदवार. बीएनपीला विश्वासात न घेता केलेला हा बदल पुढच्या तेरा वर्षांच्या तणावाचं मूळ आहे. काळजीवाहू सरकारची मागणी आता बीएनपीची झाली आणि घटनेचा दाखला अवामी लीगचा.

सरकारकडे एक वजनदार युक्तिवाद होता. २०१३ च्या उन्हाळ्यात राजशाही, खुलना, बारिसाल, सिल्हेट आणि गाजीपूर या पाच महापालिकांच्या निवडणुका आमच्याच सरकारच्या काळात झाल्या आणि पाचही ठिकाणी बीएनपीचे महापौर निवडून आले, मग अडचण काय? बीएनपीचं उत्तर असं की महापौर बदलल्याने पंतप्रधान बदलत नाही, म्हणून सरकारने हात आखडता ठेवला. मला बीएनपीचं उत्तर पटतं. आपल्याकडे सत्तेवर असलेल्या पंतप्रधानांच्या देखरेखीखाली निवडणूक होते आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही, याचं एक कारण आयोगाचे अधिकार आणि आचारसंहिता हे आहेच. पण दुसरं कारण असं की १९७७ मध्ये पंतप्रधान पदावर असताना स्वतःच्या मतदारसंघातही हरू शकतात हे लोकांनी पाहिलं. बांगलादेशात असा एकही प्रसंग नाही.

२६ ऑक्टोबर २०१३ च्या संध्याकाळी हसीनांनी खालिदांना फोन केला. संभाषण साधारण ३७ मिनिटांचं. त्याचं ध्वनिमुद्रण बाहेर आलं आणि देशभर ऐकलं गेलं. हसीनांनी सुरुवातीलाच सांगितलं की मी दुपारपासून तुमच्या लाल फोनवर प्रयत्न करते आहे. लाल फोन म्हणजे बड्या पदाधिकाऱ्यांसाठीची सरकारी लाइन. तो कधीचा बंद पडलाय, असं खालिदांचं म्हणणं. फोन वाजत होता की मेलेला होता, यावरच बराच वेळ गेला. मग हसीनांनी २८ तारखेला गणभवनात, म्हणजे पंतप्रधानांच्या सरकारी निवासस्थानी, जेवायला बोलावलं आणि दुसऱ्या दिवसापासून सुरू होणारा ६० तासांचा हरताळ मागे घ्यायला सांगितलं. हरताळ आघाडीचा आहे, रात्री सगळ्यांना कुठून गोळा करू, २९ तारखेनंतर बोलावलं तर येईन, असं खालिदा म्हणाल्या. पुढे बोलणं गेलं १५ ऑगस्टवर, कारण हसीनांच्या वडिलांची हत्या झाली त्या दिवशी खालिदांचा वाढदिवस साजरा होत असे. मग २१ ऑगस्ट २००४ वर, जेव्हा बीएनपीच्या राजवटीत हसीनांच्या सभेवर हातबॉम्ब टाकले गेले आणि २४ माणसं मेली. निवडणुकीचं सरकार कसं असावं यावर त्या बोलण्यात काहीच ठरलं नाही. घटनेतल्या कलमांवरचा वाद वाटाघाटींनी का सुटत नव्हता, ते कळायला हा फोन पुरेसा आहे. आपल्यावर पुन्हा तेच बेतेल, अशी दोघींनाही भीती होती, आणि दोघींच्या भीतीला आधार होता.

संयुक्त राष्ट्रांचे ऑस्कर फर्नांडिस-तारांको डिसेंबरात ढाक्याला येऊन दोन्ही पक्षांना एका खोलीत बसवून गेले, त्यातूनही काही निघालं नाही. खालिदांच्या घरासमोर वाळूने भरलेले ट्रक उभे करून त्यांची वाट अडवली गेली. ५ जानेवारी २०१४ ला मतदान झालं, पण ३०० पैकी १५३ जागा आधीच बिनविरोध झाल्या होत्या. निम्म्याहून जास्त मतदारसंघांत मतदान केंद्र उघडलंच नाही. बीएनपीने बहिष्काराचं १९९६ चं गणित मांडलं होतं. ते या वेळी चुकलं, कारण नोकरशाही आणि पोलीस सरकारला सोडून गेले नाहीत. वर्षभराने, जानेवारी २०१५ पासून, बीएनपी आघाडीने देशभर चक्का जाम पुकारला. बसगाड्यांवर पेट्रोल बॉम्ब पडत होते. ढाका मेडिकल कॉलेजच्या बर्न युनिटमध्ये भाजलेले ड्रायव्हर, क्लीनर, प्रवासी, लहान मुलं भरून गेली. त्यातल्या कुणाचाही १५ व्या घटनादुरुस्तीशी काही संबंध नव्हता. बीएनपीची मागणी रास्त होती असं मला वाटतं, आणि तरीही या जळलेल्या माणसांचा हिशेब त्या आंदोलनाला कधी देता आला नाही.

२०१८ मध्ये बीएनपीने उलटा मार्ग धरला. खालिदा फेब्रुवारीतच भ्रष्टाचाराच्या खटल्यात तुरुंगात गेल्या होत्या. घटनेचा मसुदा करणाऱ्यांतले एक, कमाल हुसेन, यांच्या नेतृत्वाखाली आघाडी झाली, गणभवनात हसीनांशी चर्चा झाली आणि आघाडी काळजीवाहू सरकारशिवाय निवडणुकीत उतरली. ३० डिसेंबरला त्यांना १० जागाही मिळाल्या नाहीत. आदल्या रात्रीच मतपेट्या भरून ठेवल्याचे आरोप झाले. त्यानंतर बीएनपीत ‘आत राहून लढू’ म्हणणाऱ्यांचं ऐकायला कुणी उरलं नाही.

म्हणून २०२३ मधला तणाव सुरुवातीपासूनच तुटेपर्यंत ताणलेला होता. अमेरिकेने मे महिन्यात जाहीर केलं की निवडणुकीत अडथळा आणणाऱ्या बांगलादेशींना व्हिसा मिळणार नाही. त्याने विरोधकांना थोडी मोकळी जागा मिळाली आणि बीएनपीच्या सभा वाढल्या. २८ ऑक्टोबरला ढाक्यात नया पल्टनच्या सभेत हिंसाचार झाला, एका पोलिसाचा जीव गेला. दुसऱ्या दिवशी बीएनपीचे सरचिटणीस मिर्झा फखरुल इस्लाम आलमगीर यांना अटक झाली आणि त्यांच्यामागून हजारो कार्यकर्ते आत गेले. विरोधक नसलेली निवडणूक रंगतदार दिसावी म्हणून अवामी लीगने आपल्याच लोकांना अपक्ष उभं राहायची मुभा दिली. ७ जानेवारी २०२४ ला ६२ अपक्ष निवडून आले, दुसऱ्या क्रमांकाचा गट तोच. आयोगाने मतदान ४२ टक्क्यांच्या आसपास झाल्याचं सांगितलं.

सात महिन्यांत ते सरकार गेलं. सुरुवात सरकारी नोकऱ्यांतल्या आरक्षणाविरुद्धच्या विद्यार्थी आंदोलनातून झाली, पण गोळीबारानंतर रस्त्यावर आलेल्या तरुणांमधल्या अनेकांनी मत द्यायच्या वयात आल्यापासून एकही खरी निवडणूक पाहिलेली नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाच्या अंदाजानुसार त्या काही आठवड्यांत १,४०० पर्यंत माणसं मारली गेली असावीत. ५ ऑगस्टला हसीना देश सोडून भारतात आल्या. ८ ऑगस्टला नोबेल विजेते अर्थतज्ज्ञ मुहम्मद युनूस यांचं हंगामी सरकार आलं.

काळजीवाहू सरकार रद्द करणारी तरतूद ढाक्याच्या उच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ ला बेकायदा ठरवली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अपिलीय विभागाने ती व्यवस्था पुन्हा लागू केली, मात्र लगेचची १३ वी सोडून १४ व्या संसदेच्या निवडणुकीपासून. म्हणजे १९९६ मध्ये आंदोलनाने मिळवलेली, २०११ मध्ये एका निकालाच्या आधाराने गमावलेली सोय दुसऱ्या निकालाने परत आली.

पण २००४ ची गाठ तशीच आहे. मुख्य सल्लागार कोण? निवृत्त सरन्यायाधीशांचा जुना क्रम ठेवला तर न्यायालयातल्या नेमणुकांवर पुन्हा पक्षांची नजर जाणार. तो काढून टाकला तर निवड करणार कोण? सुधारणांसाठी झालेल्या चर्चांमध्ये पंतप्रधान, विरोधी पक्षनेता, सभापती अशांच्या समितीने नाव ठरवावं असा विचार पुढे आला. त्या समितीत एकमत झालं नाही तर शेवटचा शब्द कुणाचा, यावर पक्षांमध्ये मतभेद झाले, आणि कलमाचा तोच भाग सगळ्यात काळजीपूर्वक लिहावा लागणार आहे.